सत्तावीस नंबरची पिशवी

चिमटी आमच्या विभागात पहिल्यांदा आली, तेव्हा मी तिला दारातूनच घालवून देणार होते. पायात चिखलाचे बूट, पाठीवर तिच्याहून मोठी सॅक, आणि माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उभी राहून विचारते, “पाखरांच्या विष्ठेवर काम करायला जागा कुठे मिळेल?”

“बाहेर, झाडाखाली,” मी म्हटलं. “पाखरं तिथेच करतात.”

ती खळखळून हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. रागावणारी माणसं मला सोपी जातात.

मी त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केली. कागदावर ‘सहायक’, प्रत्यक्षात बाटल्या, बशा, नळ्या आणि फडकी धुणं. विभागप्रमुख सरांपासून शिपायापर्यंत सगळे मला मावशी म्हणायचे आणि सगळे मला वचकून असायचे. संशोधन करायला आलेली पोरं मी खंडीभर पाहिली. कोणी दोन महिन्यांत पळालं, कोणी सात वर्षं चिकटून बसलं. ही मुलगी चिमटीत मावेल एवढी होती, म्हणून मी तिला चिमटी म्हणायला लागले, आणि आठवड्याभरात तिचं खरं नाव सगळे विसरले.

तिचा प्रश्न साधा होता. गावाबाहेर बागवाल्यांचं सहा एकर स्ट्रॉबेरीचं शेत होतं. फळ पिकायला लागलं की रानपाखरांचे थवेच्या थवे त्यात उतरायचे. बागवाल्यांनी फटाके उडवून पाहिले, चकचकीत पट्ट्या बांधून पाहिल्या, शेवटी सगळं शेत जाळीखाली घालायचं ठरवलं. चिमटीचं म्हणणं, जरा थांबा. पाखरं फळं खातात हे दिसतं, पण फळावरच्या अळ्या किती खातात ते कोणी मोजलंय का? बागवाले तसे भले गृहस्थ. म्हणाले, “दोन हंगाम देतो. मग मात्र मी तुझं ऐकणार नाही.”

आता पाखरानं काय खाल्लं हे त्याला विचारून तर कळत नाही. म्हणून ती उजाडताना वाफ्यांच्या कडेला बारीक काळी जाळी उभी लावायची. त्यात अडकलेलं पाखरू हलक्या हातानं सोडवायचं आणि सुती पिशवीत घालून दोरीवर टांगायचं. अंधारात ती गप्प बसतात. पाचदहा मिनिटांत पिशवीत घाण करतात, तीच हिची दौलत. मग पाखराचं वजन, पायात नंबराची कडी, वहीत नोंद, आणि भुर्रर. पाखरू उडालं की पिशवी उलटी करायची, आतली विष्ठा खरवडून बाटलीत घ्यायची, आणि पिशवी तशीच उलटी ठेवायची. उलटी पिशवी म्हणजे रिकामी. रानपाखरं पकडायला सरकारी परवाना लागतो. त्यासाठी तिनं जी नियमावली लिहून दिली होती, तिच्यात हा नियम पाचवा होता.

पिशव्या चाळीस होत्या आणि त्या शिवल्या होत्या मी. शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे पाखराची नखं धाग्यात अडकू नयेत. प्रत्येकीवर लाल दोऱ्यानं नंबर काढला. मला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं आणलेल्या बाजारच्या पिशव्या बघवेनात, म्हणून मीच म्हटलं, आण इकडे. हे मी स्वतःची फुशारकी मारायला सांगत नाही. मला ती मुलगी आवडायला लागली होती, हे सांगायला सांगते. दुपारी ती सूक्ष्मदर्शकाखाली बशी सरकवायची आणि हाक मारायची, “मावशी, या बघा, अळीचा जबडा.” मी नाक मुरडत जायचे आणि वाकून बघायचे. काळा, दातेरी, नखाएवढाही नाही. महिन्याभरात बी कुठलं आणि किड्याचा पाय कुठला ते मलाही कळायला लागलं. आणि बियांपेक्षा जबडेच जास्त निघत होते! तिचा चेहरा असा फुलायचा की जणू ते जबडे तिनं घरी वाढवलेत.

तर पिशव्या. त्या रोज दुपारी गाठोड्यानं माझ्याकडे यायच्या, उलट्या, म्हणजे घाण बाहेर. वाळलेली विष्ठा, बिया, स्ट्रॉबेरीचा लाल रस. एकीची घाण दुसरीला, आणि सगळ्यांची माझ्या टबाला. तिसऱ्या आठवड्यात माझं डोकं फिरलं.

“घाण आत राहू दे तिची तिथे,” मी म्हटलं. “उद्यापासून सुलट्या करून आणायच्या.”

“पण मावशी, उलटी म्हणजे रिकामी, अशी खूण असते ती.”

“खूण तुला हवी, घासायचं मला. सुलट्या आणायच्या म्हणजे आणायच्या.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी हे बोलले तेव्हा खोलीत तिसरं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीपासून पिशव्या सुलट्या आल्या. माझ्या शब्दाबाहेर कोणी जात नसे, याचा मला तेव्हा अभिमान होता.

अकरा दिवस नीट गेले. बाराव्या दिवशी तिच्या मदतीला येणारी मैत्रीण तापानं पडली आणि ही एकटीच शेतावर गेली. नेमका त्याच सकाळी चष्मेवाल्यांचा थवा जाळीत आला. चष्मेवाला म्हणजे चिमणीहून लहान, हिरवट पिवळा, डोळ्याभोवती चुन्यानं काढल्यासारखं पांढरं कडं. ही पाखरं एकेकटी येत नाहीत, वीसबावीस एकदम येतात. तिनं घाईघाईनं सगळी सोडवून पिशव्यांत घातली. एकेक करून काढत होती तेवढ्यात वारा सुटला, दोरी खांबावरून निसटली, आणि राहिलेल्या भरल्या पिशव्या खाली पडल्या. नेमक्या सुलट्या करून रचलेल्या रिकाम्या पिशव्यांच्या ढिगावर. तिनं चाचपून चाचपून भरलेल्या वेगळ्या काढल्या. एक राहिली. कडी अजून घातली नव्हती, त्यामुळे वहीत नोंद नव्हती, त्यामुळे हिशेबात काही कमी भरलं नाही. गाठोडं बांधून तिनं टबाशेजारी ठेवलं तेव्हा मी घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टब भरला आणि एकेक पिशवी उलटी करत पाण्यात टाकायला लागले. सत्तावीस नंबरची नाडी जरा घट्ट होती. आत हात घातला, तर बोटांना काहीतरी लागलं. मला वाळलेलं पान वाटलं. बाहेर काढलं तर ते माझ्याकडे बघत होतं. म्हणजे बघत नव्हतं, पण त्या पांढऱ्या कड्यामुळे तसं वाटतं. मेलेलं पाखरूही चकित झाल्यासारखं दिसतं.

चिमटी आली. मी तळहात पुढे केला. तिनं पाखरू घेतलं आणि सवयीनं आधी काट्यावर ठेवलं. साडेआठ ग्रॅम. वहीत लिहिलं. मग स्टुलावर बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली.

“रडतेस काय,” मी म्हटलं. “टाकून देते मी कचऱ्यात. कोणाला कळतंय?”

“नाही मावशी. याचं कळवावं लागतं.”

तिनं त्याच दिवशी स्वतःच्या हातानं लिहून सरांना दिलं, एक प्रत परवाना कार्यालयाला दिली. तिच्या जागी मी असते तर मूग गिळून बसले असते. मी तिला तसं म्हणालेही. तेव्हा मला ती वेडी वाटली होती.

गुरुवारी दुपारी सरांच्या खोलीत चौकशी झाली. सर, परवाना कार्यालयातले एक साहेब, चिमटी, आणि पाखरू माझ्या हाती लागलं म्हणून मी. साहेब शांत माणूस होता. म्हणाला, अपघात होतात, हंगामात एखाददुसरं पाखरू जातं, ते आम्ही समजू शकतो. “पण तुमचा पाचवा नियम आहे, रिकामी पिशवी उलटी ठेवायची. तो पाळला असता तर हे झालं नसतं. का नाही पाळला?”

चिमटी म्हणाली, “आधी पाळत होते. धुवायला त्रास होतो म्हणून मावशींनी सुलट्या आणायला सांगितल्या. मी ऐकायला नको होतं. चूक माझीच आहे, पण कारण विचारलंत म्हणून सांगते.”

सर माझ्याकडे वळले. “मावशी? तुम्ही सांगितलं होतंत?”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन महिन्यांपूर्वीच मला एक मेमो मिळाला होता. एका संशोधकाची सडकी फळं भरलेली बरणी मी कचरा समजून फेकली होती, आणि ती निघाली त्याची चार महिन्यांची मेहनत. ‘संशोधनाच्या कामात पुन्हा ढवळाढवळ झाल्यास बदली करण्यात येईल,’ असं त्यात लिहिलं होतं. बदली म्हणजे तळघरातलं भांडार. हे मी सबब म्हणून सांगत नाही. मी घाबरले, एवढंच खरं आहे.

“असं काही बोलल्याचं मला आठवत नाही,” मी म्हणाले.

चिमटीनं माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता. आपण ठेवलेली वस्तू जागेवर नसली की माणूस जसा बघतो, तशी ती बघत होती. मग खाली मान घालून म्हणाली, “मग माझाच काहीतरी समज झाला असेल.”

सरांचा आवाज बदलला. चूक त्यांनी पोटात घातली असती, ते तसे दिलदार होते. पण ते म्हणाले, “आपलं खापर धुणाऱ्या बाईच्या डोक्यावर फोडायचं? एवढ्या वर्षांच्या माणसाच्या?” साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला त्यांनी जायला सांगितलं, आणि सरांनी शिपायाला मागून हाक मारली, “मावशींना चहा दे रे.” तो चहा मी प्यायले.

परवाना त्या हंगामापुरता थांबला. पुढच्या हंगामाला पुन्हा मागता आला असता, पण त्यावर सरांची सही लागते आणि सरांनी ती दिली नाही. ज्या विद्यार्थ्याच्या शब्दावर विश्वास नाही, त्याच्या आकड्यांवर कसा ठेवू, असं त्यांचं म्हणणं. तसं ते बरोबरच होतं. बागवाल्यांनी वाट पाहिली आणि अख्खं शेत जाळीखाली घातलं. चारशे बाटल्या अळ्यांच्या जबड्यांसकट कपाटात पडून राहिल्या. मीच त्यांच्यावरची धूळ पुसायचे.

सामान न्यायला चिमटीचे वडील आले. ते शाळेत गणित शिकवायचे. ताठ म्हातारा, इस्त्रीचा सदरा. मुलीशी एक अक्षर बोलत नव्हते. खोकी टेम्पोत चढली तसे ते टबापाशी माझ्याकडे आले आणि त्यांनी हात जोडले.

“बाई, चूक कोणाच्याही हातून होते,” ते म्हणाले. “पण माझ्या मुलीनं ती झाकायला तुमच्यावर आळ घेतला. तिला मी असं शिकवलेलं नाही. मी तुमची माफी मागतो.”

माझे हात साबणात होते. मी म्हणाले, “असू द्या हो. पोर आहे.”

असं मी म्हणाले. लिहितानाही माझं तोंड कडू होतं.

मला वाटलं होतं, ती गेली, सुंठेवाचून खोकला गेला. पण गेला कुठला! आधी हाताला सवय लागली. धुण्यात टाकण्यापूर्वी प्रत्येक उशीचा अभ्रा मी उलटा करायला लागले. मोजे, खिसे, भाजीच्या पिशव्या, सगळ्यांत हात घालून कोपरे चाचपायचे. आमचे हे सुरुवातीला थट्टा करायचे, “काय, माझ्या मोज्यात धन सापडतंय का?” मग थट्टा थांबली. एकदा धुलाई यंत्र चालू असताना मी ते मध्येच बंद केलं, पाणी फरशीवर सोडलं, आणि ओल्या चादरींचा गोळा उकलत बसले. आतून फडफड ऐकू आली होती. आत उशीचं एक सुटं बटण होतं. ह्यांनी माझ्या हातातून चादर काढून घेतली आणि विचारलं, “नेमकं झालंय काय तुला?” एकोणचाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यालाही मी ते सांगू शकले नाही.

घरामागच्या पेरूवर चष्मेवाल्यांचा थवा यायचा. बारीक आवाजात ती सतत एकमेकांना हाका मारतात. चिमटीनं मला सांगितलं होतं, थव्यातलं कोणी मागे राहू नये म्हणून असतं ते. मी खिडकी लावून घ्यायचे. उकाड्यातसुद्धा.

आणि खरं सांगू का, पाखराचं भूत एकवेळ परवडलं. मला छळलं ते गोष्टीनं. सरांनी या प्रकरणाची गोष्ट केली होती. दर हंगामाच्या सुरुवातीला नवीन मुलांना पाखरं हाताळायचं शिक्षण देताना ते पिशवी हातात धरायचे आणि सांगायचे, एक मुलगी होती, तिनं नियम मोडला, पाखरू मेलं, आणि वर तिनं आपल्या या मावशींचं नाव घेतलं. मग सगळी पोरं माझ्याकडे वळून बघायची, डोळ्यांत दया घेऊन. मी दाराशी पिशव्यांचा गठ्ठा घेऊन उभी असायचे. माझ्याच हातच्या पिशव्या. पहिल्या वर्षी मी खाली बघितलं. तिसऱ्या वर्षी मी मान हलवली. पाचव्या वर्षी माझ्या तोंडून निघालं, “जाऊ द्या सर, झालं ते झालं,” आणि पोरांना मी आणखीच मोठ्या मनाची वाटले. खोट्याला खतपाणी घालावं लागत नाही. ते आपोआप वाढतं.

सातव्या वर्षी, माझ्या निवृत्तीला दोन महिने असताना, सरांनी पुन्हा ती गोष्ट सांगितली. संपल्यावर एक नवीन मुलगी उठून माझ्यापाशी आली. चिमटीसारखी नव्हती हो, चांगली उंच होती. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “मावशी, तुम्हाला किती लागलं असेल ना तेव्हा.”

मी हात ओढून घेतला. गठ्ठा खाली पडला.

“तिनं नियम मोडला नव्हता,” मी म्हणाले. “मी मोडायला लावला. पिशव्या सुलट्या आणायला मी सांगितल्या होत्या. मला तेव्हाही आठवत होतं.”

सरांचा चेहरा पांढरा पडला, आणि मग, माणूसच ते, त्यांना माझा नाही, स्वतःचा राग आला असावा. मुलांना बाहेर पाठवून ते म्हणाले, “आता हे उकरून काय मिळवलंत, मावशी? फाइल बंद झाली. सात वर्षं झाली.” मी म्हटलं, “फाइल तुमची बंद झाली.” एवढी उर्मट मी त्यांच्याशी कधी झाले नव्हते. ते बराच वेळ पिशवीची नाडी ओढत बसले. मग कपाट उघडून त्या चारशे बाटल्या बघत उभे राहिले.

चिमटीचा नंबर सरांकडे नव्हता. तो बागवाल्यांकडे मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून फोन लावला. ती एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करत होती. त्या दिवशी सुट्टीवर, घरी होती. मी नाव सांगितलं. मग मी जे सांगायचं ते सांगितलं. आदल्या दिवसापासून पाठ केलं होतं, तरी मागचंपुढचं झालं.

“मावशी,” ती अगदी हळू म्हणाली, “म्हणजे तुम्ही खरंच सांगितलं होतंत?”

“म्हणजे काय? तुला माहीत नव्हतं?”

“त्या दिवशी माहीत होतं. पण तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, आठवत नाही. तुम्ही खोटं कशाला बोलाल? मग मला वाटायला लागलं, मीच स्वतःला वाचवायला ते मनात रचलं असेल. नंतर नंतर तर खात्रीच झाली.” ती जराशी हसली, पण ते हसू नव्हतं. “आता मी सगळं दोनदा लिहिते. गॅस बंद केला का ते नवऱ्याला विचारते. माझ्या आठवणीवर माझा भरवसाच नाही राहिला, मावशी.”

मी तिच्यावर आळ येऊ दिला, तिचं शिक्षण घालवलं, हे मी सात वर्षं मोजत होते. हे मी मोजलंच नव्हतं. मी माफी मागायला लागले तसं तिनं मला थांबवलं.

“मला नको. बाबा इथेच आहेत, बाहेरच्या खोलीत. त्यांना सांगाल?”

फोन हातातून हातात गेल्याचा खरखराट झाला. खुर्ची सरकली. मग तो म्हातारा आवाज आला, “कोण बोलतंय?”

“मी कॉलेजातली पिशव्या धुणारी बाई,” मी म्हणाले. “तुम्ही माझी माफी मागितली होती. तुमची मुलगी खरं बोलत होती. खोटं मी बोलले.”

पलीकडे पुन्हा खुर्ची सरकली.

“जरा मोठ्यानं बोला,” ते म्हणाले. “मला ऐकू कमी येतं हल्ली.”

व्हरांडा पोरांनी भरला होता. सरही जिन्यापाशी येऊन थांबले होते. मी छातीत दम भरला आणि पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं.